प्लॅब २ची तयारी : अकॅडमी लावावी की घरूनच?

पिंपळपान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेटच विचारते.

एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली, सध्या एका ग्रामीण रुग्णालयात बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) चालू आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायला परदेशी पदवीधरांना प्लॅब परीक्षा द्यावी लागते. त्यातली प्लॅब १ (लेखी) मुंबईत दिली, पास झाले. आता प्लॅब २ (प्रात्यक्षिक). ती फक्त मँचेस्टरला होते, म्हणजे परीक्षेची फी, व्हिसा, विमान, राहणं सगळं आलं. बाबा काही बोलत नाहीत, पण हिशेबाची वही रोज उघडतात. त्यात अकॅडमीचा (तयारी करून घेणाऱ्या क्लासचा) खर्च घालावा का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा असा की एकटीने सराव कसा करायचा? पुस्तक वाचून एमसीक्यू जमतात. समोर नट बसवून त्याच्याशी आठ मिनिटं बोलायचं, ही तयारी वाचून कशी होणार? आमच्या कॉलेजात ऑस्की (ठरावीक प्रसंग देऊन, वेळ लावून घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा) नावाला होती, खरी भिस्त लाँग केसवर, म्हणजे एकच खरा पेशंट सविस्तर तपासण्यावर.

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज. 'ऑल द बेस्ट'वर बोळवण नको.

चकलीसम्राट

पहिला! डॉक्टर नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आजारी पडण्याचं सोंग मात्र शाळेपासून उत्तम जमतं, सरावाला पेशंट हवा असेल तर कळवा.

मँचेस्टरकर

अभिनंदन पिंपळपान. आधी परीक्षेचा सांगाडा सांगतो, अकॅडमीचं उत्तर त्यातूनच निघेल.

१६ स्टेशनं, म्हणजे १६ वेगवेगळे प्रसंग, प्रत्येक ८ मिनिटांचं. आत जाण्याआधी दाराबाहेरचा कागद वाचायला दीड मिनिट. प्रत्येक स्टेशनला तीन भागांत गुण : माहिती काढणं आणि तपासणी, पुढचं नियोजन, आणि माणसाशी वागणं. प्रत्येक भागाला ४, एकूण १२. आता हे नीट बघा. तिन्ही भागांना सारखेच गुण आहेत. तुम्ही निदान अचूक केलंत, औषधं बरोबर सांगितलीत, आणि समोरच्या बाईला पोलीस चौकशीला बसल्यासारखं वाटलं, तर एक तृतीयांश गुण तिथेच धोक्यात. आपल्याकडचे हुशार विद्यार्थी इथेच अडकतात. त्यांचा विश्वासच बसत नाही की यालाही गुण असतात.

पास व्हायला दोन अटी आहेत. एकूण गुणांची रेषा ओलांडायची आणि किमान ठरावीक स्टेशनंही पास व्हायची. दोनचार स्टेशनांत तुफान फटकेबाजी आणि बाकी ठिकाणी शून्य, असं चालत नाही. उलट एखादं स्टेशन पार झोपलं तरी परीक्षा संपत नाही. बाहेर पडल्यावर ते डोक्यातून काढून टाकता येणं हीसुद्धा तयारीच.

पातळी काय? एफवाय २, म्हणजे पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा डॉक्टर. कन्सल्टंटगिरी कोणी मागत नाही. कुठे थांबायचं आणि सिनियरला कधी बोलवायचं हे कळतंय का, एवढं बघतात. फक्त 'सिनियरला विचारते' हे वाक्य अडचणीतून सुटायला वापरलंत तर लगेच कळतं. आधी स्वतःला काय वाटतं ते सांगा, मग सिनियर.

अकॅडमीबद्दल रात्री लिहितो, ऑन कॉल आहे.

खडूस_सर्जन

माझी निवृत्ती जवळ आली आहे, त्यामुळे स्पष्ट लिहायला हरकत नाही. हा सगळा प्रकार म्हणजे नाटक आहे. नट खोकणार, डॉक्टर कळवळणार, तिसरा कोपऱ्यात बसून मार्क देणार. आम्ही लाँग केसला खरा पेशंट तपासायचो. पोटात हात घालून प्लीहा लागते का बघायचो. बाहेरून आलेला परीक्षक घाम फोडायचा. त्यातून डॉक्टर तयार झाले. आता 'आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट' म्हटलं की झालं!

गवतीचहा

@खडूस_सर्जन, सर, आदर राखून असहमत. त्याच लाँग केसमध्ये एकाला माइट्रल स्टेनोसिसची (हृदयाच्या अरुंद झडपेची) ठणठणीत ऐकू येणारी मर्मर मिळायची आणि दुसऱ्याला काहीही न सांगणारे आजोबा. परीक्षक जेवून आलेत की उपाशी, यावरही निकाल ठरायचा. ऑस्की जन्माला आली ती यामुळेच. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. सगळ्यांना सारखेच प्रसंग, सारखाच वेळ, आणि दर स्टेशनला वेगळा परीक्षक, म्हणजे एकाच्या लहरीवर आयुष्य टांगलेलं नको. नाटक म्हणा हवं तर, पण निदान सगळ्यांना एकच नाटक मिळतं.

खडूस_सर्जन

परीक्षकाच्या जेवणाचा मुद्दा मान्य. मीही परीक्षक होतो.

चकलीसम्राट

हसून हसून पुरेवाट

निवांत_मावशी

मी डॉक्टर नाही, पण या धाग्यावर मला बोलायलाच हवं. मी इंग्लंडमध्ये राहते आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी, अंतर्गत परीक्षांसाठी पेशंटची भूमिका करते. प्लॅबमध्ये काम केलेलं नाही आणि कुठल्याही परीक्षेतली खरी केस सांगणार नाही. पण खुर्चीच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

मला आधी एक-दोन पानं मिळतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मग विचारलं तरच सांगायच्या गोष्टी. आणि एखादी अशी गोष्ट, जी पात्राच्या मनात खुपतेय. समजा, माझ्या पात्राच्या छातीत दुखतंय. वडील याच वयात हार्ट अ‍ॅटॅकने गेलेले. मी पहिल्याच मिनिटाला म्हणते, "काल रात्री दुखलं आणि बाबाच आठवले हो." एवढं बोलून मी थांबते. थांबायचं असतंच.

समोरचा मुलगा मान हलवतो, "ओके," म्हणतो आणि विचारतो, "दुखणं हाताकडे जातं का? घाम येतो का?" प्रश्न बरोबरच आहेत हो. मग सगळी यादी संपते. सहाव्या मिनिटाला त्याला आठवतं की चिंता विचारायची राहिली. तो सरळ बसतो, चेहरा मऊ करतो आणि म्हणतो, "तुम्हाला कसली विशेष काळजी वाटतेय का?"

अरे बाळा, पहिल्या मिनिटाला काय सांगितलं मी तुला!

याउलट एक मुलगी होती, इंग्रजी अडखळतच बोलत होती. बाबांचं नाव काढल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काय झालं होतं त्यांना?" बस, एवढंच. पुढे तिने विचारलेलं सगळं मी भडाभडा सांगून टाकलं, कारण पात्राला आता तिच्याशी बोलावंसं वाटत होतं. वेळही वाचला तिचा.

मँचेस्टरकर

मावशी, दंडवत घ्या. हे कुठल्याही अकॅडमीत इतक्या सोप्या भाषेत कोणी सांगत नाही.

नीरस

+१ मावशी. वाचनखूण साठवली आहे.

तीनतेरा

मावशींचं म्हणणं पटलं, पण आता 'पाठांतर वाईट' असा सूर लागेल, म्हणून आधीच आडवा येतो.

मी सोलापूरकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम. तुम्हा शहरी, कॉन्व्हेंटवाल्यांना 'साचा नको, मनापासून बोला' म्हणणं सोपं आहे. घशाला कोरड पडली की माझं मन मराठीत बोलतं आणि तोंडातून काहीच येत नाही. साचा होता म्हणून मी तरलो. सुरुवात कशी करायची, नाव आणि वय कसं पडताळायचं, विषय बदलताना काय म्हणायचं, शेवटी काय सांगून उठायचं, हे सगळं माझं घोटून पाठ होतं आणि त्याची मला लाज नाही.

काही स्टेशनं तर पाठांतराचीच आहेत. अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या (अॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्याच्या) पुतळ्यासमोर कल्पकता दाखवायची नसते. एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग बाकी अंग) याच क्रमाने जायचं, मदतीला हाक मारायची, ऑक्सिजन, पाय वर, अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीत आयएम (स्नायूत), ५ मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. हे झोपेतून उठवलं तरी यायला हवं. तिथे पुतळ्याच्या बाबांची चौकशी करत बसलात तर पुतळा जाईल.

निवांत_मावशी

@तीनतेरा, तुझ्याशी भांडण नाहीच रे. सुरुवात आणि शेवट पाठ असावा, त्याने धीर येतो. मी म्हणतेय ते मधल्या भागाबद्दल. पाठ केलेली सहानुभूती आम्हाला लांबून ओळखू येते, कारण ती ठरलेल्या जागी येते. मी म्हणते "माझी मांजर मागच्या वर्षी गेली", त्यावर "आय अ‍ॅम सो सॉरी". मी म्हणते "मी रोज दोन सिगरेटी ओढते", त्यावरही "आय अ‍ॅम सो सॉरी"!

चकलीसम्राट

सिगरेटीबद्दल सॉरी म्हणणारा डॉक्टर माझ्या बायकोला हवाय. माझ्यासाठी.

वऱ्हाडी_वैद्य

पिंपळपान, तू ग्रामीण रुग्णालयात आहेस म्हणतेस आणि सराव कुठे करू विचारतेस? काहून व्हय? तुझ्यासमोर रोज शंभरेक खरे पेशंट बसतात की!

प्लॅबमधला एक ठरलेला प्रसंग सांगतो. पोराला सर्दी, घसा लाल. आई अडून बसली आहे की अँटिबायोटिकच पाहिजे, मागच्या वेळी त्यानेच बरं वाटलं होतं. आता आपल्या ओपीडीत ये. आजोबा म्हणतात, "गोळ्या नको, सुई द्या." सुई नाही दिली तर डॉक्टर कसला! ही तीच केस आहे. आपण काय करतो? एकतर रागावतो, नाहीतर बी कॉम्प्लेक्स टोचून वाटेला लावतो. दोन्हीला तिकडे भोपळा.

तिथे काय अपेक्षित आहे : आधी मागच्या वेळचं ऐकून घ्यायचं. पोराला नीट तपासायचं आणि तपासताना काय दिसतंय ते आईला सांगत जायचं. घशाच्या दुखण्यासाठी त्यांचा फीव्हरपेन स्कोअर (लक्षणांवरून गुण मोजायची पद्धत) आहे, तो कमी असेल तर अँटिबायोटिक नाही. हे सांगताना 'नियमात बसत नाही' म्हणायचं नाही. व्हायरसवर त्याचा उपयोग नाही, उलट जुलाब आणि पुरळ उठू शकतं, असं सांगायचं. मग ताप-दुखण्यासाठी काय द्यायचं ते. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, कधी परत यायचं : लाळ गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल. याला ते सेफ्टी नेटिंग म्हणतात आणि ते विसरलं की गुण जातातच.

दिवसाला फक्त एका आजोबांशी असं बोलून बघ. मराठीतच बोल. तोंडात शब्द इंग्रजी आहेत की मराठी, हा नंतरचा भाग. समोरच्याचं म्हणणं तोडायचं नाही, हा भाग आधीचा.

पिंपळपान

@वऱ्हाडी_वैद्य, सर, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे 'सुई द्या'वाले इतके आहेत की वर्षभर सराव पुरेल. पण मागे रांग उभी असते. सात मिनिटं एका आजोबांना दिली तर सिस्टर डोळे वटारतात.

वऱ्हाडी_वैद्य

शेवटच्या आजोबांना दे. सिस्टरला आधी चहा पाज.

टेक्सासवाली

थोडं अवांतर. मी अमेरिकेतली स्टेप २ सीएस (तिथल्या डॉक्टरी परवान्यासाठीची प्रात्यक्षिक परीक्षा) दिलेली आहे, आता ती इतिहासजमा झाली. १२ पेशंट, प्रत्येकी १५ मिनिटं आणि नंतर नोट लिहायला १० मिनिटं. पाचच शहरांत व्हायची, माझी ह्यूस्टनला होती. निकाल नुसता पास किंवा नापास. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे थांबवली आणि जानेवारी २०२१मध्ये कायमची बंदच केली. आता परदेशी पदवीधरांना ईसीएफएमजीचे (त्यांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे) पाथवेज आणि जोडीला ओईटी, म्हणजे डॉक्टरी इंग्रजीची परीक्षा.

आमच्या तिन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. इंग्रजी बोलण्याचा भाग त्यातला एक. तेव्हा सगळे त्या परीक्षेला शिव्या घालायचे, मीही. रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात मात्र दार वाजवणं, नाव सांगणं, पांघरूण सारून तपासणं हे आपोआप होत होतं, तेव्हा जरा बरं वाटलं.

गवतीचहा

@टेक्सासवाली, गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये उलटं घडलं. २०२४पासून तिथल्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही यूकेएमएलए ही परवान्यासाठीची सामायिक परीक्षा लागू झाली, आणि तिचा प्रात्यक्षिक भाग त्यांच्या विद्यापीठातच होतो. प्लॅबही आता त्याच अभ्यासक्रमाच्या नकाशावर बेतलेली आहे. त्यामुळे जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी जीएमसीच्या (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या) साइटवरचा तो नकाशा एकदा उघडून बघावा.

नीरस

आणि आपल्याकडच्या नेक्स्टचं (एमबीबीएसच्या शेवटी घ्यायच्या देशव्यापी परीक्षेचं) काय झालं? २०१९च्या कायद्यात आहे ना?

गवतीचहा

आहे. पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

काकदृष्टी

सगळे तयारीचं बोलताहेत, मुद्द्याचं कोणी बोलत नाही. पास होऊन नोकरी कुठे आहे? प्लॅब करून, जीएमसी नोंदणी घेऊन घरी बसलेले मला माहीत आहेत. एकेका नॉन-ट्रेनिंग जागेवर (जिथे नोकरी असते, पण स्पेशलायझेशनचं शिक्षण नसतं) अर्जांचा असा पाऊस पडतो की जाहिरात काही तासांत बंद करतात. जुलै २०२५च्या तिथल्या सरकारच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात तर स्पष्टच म्हटलंय की ट्रेनिंगच्या जागांसाठी तिथल्या पदवीधरांना प्राधान्य देणार. बाबांच्या वहीत हाही रकाना घाला.

मँचेस्टरकर

@काकदृष्टी यांचं म्हणणं कटू आहे पण खरं आहे. मी आलो तेव्हा अर्ज केला आणि मुलाखत आली. आज माझ्या वॉर्डात क्लिनिकल अटॅचमेंट (बिनपगारी, बघून शिकायची जागा) मागायला येणारी मुलं महिनोन्महिने अर्ज करताहेत. पिंपळपान, तारीख घेण्याआधी यावर घरी बसून बोला. फक्त वेळेचं गणितही लक्षात असू द्या. प्लॅब १ पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत २ उरकावी लागते आणि एकूण चारच संधी मिळतात.

पिंपळपान

बोलणं झालंय घरी. ताई पुण्यात एमडी करतेय, ती रोज काकदृष्टींचंच भाषण ऐकवते. तरी एकदा द्यायची आहे. नोकरीचा विचार मी वेगळा करेन. इथे कृपया परीक्षेवरच बोलू या.

काकदृष्टी

बरं. माझं काम सावध करायचं होतं, झालं. शुभेच्छा मनापासून आहेत.

सदाफुली

एक बाळबोध शंका. माझीही तारीख आली आहे. मंगळसूत्र आणि बांगड्यांचं काय करायचं? सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मँचेस्टरकर

कोपराखाली काही नको. बाह्या वर, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, ब्रेसलेट नाही. साधी अंगठी चालते. एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) रोजचाच नियम आहे तो, हात नीट धुता यावेत म्हणून. मंगळसूत्र गळ्यात असतं, ते आत सारा, म्हणजे वाकल्यावर पेशंटवर लोंबणार नाही.

निवांत_मावशी

सासूबाईंना म्हणावं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई कधी बांगड्या घालतात का!

तीनतेरा

पुतळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ब्रेस्ट, टेस्टिक्युलर, पीआर (गुदद्वाराची), स्पेक्युलम (योनिमार्गाची) या तपासण्या पुतळ्यावर असतात. शेजारी माणूस असेल तर बोलायचं त्या माणसाशी आणि हात लावायचा पुतळ्याला. परवानगी घ्यायची, शॅपेरोन (सोबत हजर राहणारी तिसरी व्यक्ती) हवा म्हणायचं, दुखलं तर सांगा म्हणायचं. पहिल्यांदा करताना जाम हसू येतं. आमच्या रूमवर एक उशी होती, तिला आम्ही इतक्यांदा "थोडं गार लागेल हं" म्हटलं की शेवटी ती उशी डोक्याखाली घ्यायला कोणी तयार होईना.

आणि विद्यार्थ्याला शिकवायचं स्टेशनही असतं. आत गेल्या गेल्या लेक्चर झोडू नका. आधी विचारा, तुला यातलं काय येतं. मग दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या.

खडूस_सर्जन

हे शेवटचं आमच्या काही प्राध्यापकांना शिकवा. 'तुला यातलं काय येतं' हा प्रश्न ते विचारायचे, पण आवाज वेगळा असायचा.

गवतीचहा

सर, आज फॉर्मात आहात.

मँचेस्टरकर

ऑन कॉल संपली. आता अकॅडमीबद्दल, म्हणजे धाग्याच्या मूळ प्रश्नावर येतो.

अकॅडमीत तीन गोष्टी मिळतात. केसेसची यादी, सरावाला माणसं, आणि घड्याळ लावून मॉक, म्हणजे सराव परीक्षा. पहिलीसाठी पैसे मोजायची गरज नाही. काय येऊ शकतं ते जीएमसीच्या त्या नकाशात आहे, आणि उपचारांसाठी नाईसच्या (तिथल्या सरकारी संस्थेच्या) गाइडलाइन्स सगळ्यांना खुल्या आहेत. इथे एकच काळजी घ्या, उपचार त्यांच्या देशाचे सांगा. आपल्या सवयीने पहिल्याच भेटीत डोकेदुखीला सीटी आणि सगळ्यांना अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल असं करू नका. कॅन्सरची शंका असेल तर अर्जंट रेफरल कसं करतात, जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) काय करतो, ११० की ९९९... माफ करा, १११ (सल्ल्याचा फोन) कधी आणि ९९९ (तातडीचा) कधी, हे डोळ्याखालून घाला.

दुसरी गोष्ट, माणसं. ही मात्र हवीतच, आणि ती दोन प्रकारची हवीत. एक तुमच्यासारखीच परीक्षा देणारी, जी चुकलेलं नियोजन पकडेल. दुसरी अजिबात डॉक्टर नसलेली, जी "मला नाही कळलं तू काय म्हणालीस" असं तोंडावर सांगेल. दोघी डॉक्टरणी समोरासमोर बसल्या की एकमेकींच्या मनातलं आधीच ओळखतात आणि 'एमआय' (हार्ट अॅटॅक), 'ईसीजी' करत स्टेशन सुरेख पार पाडतात. खरा पेशंट तसा नसतो.

तिसरी, मॉक. परवडत असेल तर मँचेस्टरला पोचल्यावर एखादा पूर्ण मॉक द्या. ज्ञान वाढावं म्हणून नाही. लागोपाठ १६ अनोळखी दारं उघडण्याचा शीण काय असतो, तो शरीराला एकदा कळावा म्हणून. पूर्ण कोर्स ज्यांना इंग्रजी बोलायचीच भीती आहे किंवा घरून अभ्यासच होत नाही, त्यांनी जरूर करावा. बाकीच्यांना घरून जमतं.

तीनतेरा

मी कोर्स केला होता आणि मला तो पैसेवसूल वाटला. पण मँचेस्टरकरांच्या शेवटच्या वाक्यात मी बसतो, त्यामुळे गप्प.

सदाफुली

वेळेचं काय करायचं? माझं नियोजन नेहमी शेवटच्या वीस सेकंदांत कोंबलेलं असतं.

गवतीचहा

सहाव्या मिनिटाला तुम्ही अजून हिस्टरीच (आजाराची माहिती) घेत असाल तर गाडी चुकली. सगळ्यांना सगळे प्रश्न विचारायचे नसतात. पायाच्या घोट्याला लागलेल्या पोराला आजोळी कोणाला टीबी होता का विचारू नका. दाराबाहेरच्या दीड मिनिटात ठरवा की हे स्टेशन कशासाठी आहे. कागदावर शेवटी काम लिहिलेलं असतं : हिस्टरी घ्या आणि नियोजन बोला, किंवा फक्त समजावून सांगा. समजवायच्या स्टेशनात अर्धा वेळ हिस्टरीत घालवणारे खूप असतात. पहिली फिट आलेला माणूस बसलाय, आणि त्याला गाडी चालवायची नाही, डीव्हीएलएला (तिथल्या लायसन्स खात्याला) कळवायचं हे सांगायचंय. कारचं लायसन्स असलं तरी पहिल्या, विनाकारण आलेल्या फिटनंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. तो चिडणार, नोकरी जाईल म्हणणार. स्टेशन तिथे सुरू होतं. तुम्ही त्याआधी लहानपणच्या लसी विचारत बसलात तर त्याला चिडायलाही वेळ मिळत नाही!

निवांत_मावशी

खरंय. आम्ही रागवायची तयारी करून आलेले असतो आणि घंटा वाजते. फार चुटपुट लागते हो.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. ताजी खबर देते. वऱ्हाडी सरांचा सल्ला चालू केला. 'सुई द्या'वाल्या एका आजोबांचं सगळं ऐकलं, तेव्हा कळलं की त्यांना सुई गुडघ्यासाठी हवीच नव्हती. गावातल्या कोणाला तरी सुई लागू पडली होती, म्हणून ह्यांनाही हवी होती, आणि खरी तक्रार रात्री चारचारदा लघवीला उठण्याची होती. साखर तपासली, ३००च्या वर.

घरी आत्याला पेशंट केलं आहे. तिला अस्थमाची केस लिहून दिली. पहिलं वाक्य नीट म्हणाली, मग मी विचारलं, "हा त्रास कधीपासून?" तर म्हणे, "तुझे मामेसासरे वारले ना, तेव्हापासून." माझं लग्न झालेलं नाही! पुढची आठ मिनिटं कोणत्या तरी स्थळाबद्दल गेली. मावशी, अशा पेशंटला मुद्द्यावर कसं आणायचं?

निवांत_मावशी

आत्याबाईंना माझ्याकडे पाठवून दे, इकडे असे पेशंट कमी पडतात. गंभीरपणे सांगायचं तर तोडू नकोस, तिचाच धागा धरून वळव. "ते झाल्यापासून दम जास्त लागतोय का?" असं विचार. तिला वाटतं ऐकलं गेलं, आणि तू पोचतेस दम्यापाशी.

चकलीसम्राट

स्थळ कसं होतं पण?

पिंपळपान

लंडनचं. आत्याचं म्हणणं, मग परीक्षा कशाला द्यायची!

खडूस_सर्जन

पिंपळपान, आठवड्यातून एकदा रात्री नऊनंतर मी मोकळा असतो. झूमवर रागीट पेशंट व्हायला तयार आहे. अभिनय करावा लागणार नाही. मात्र प्लीहेबद्दल एक प्रश्न मी विचारणारच.

पिंपळपान

सर!! नक्की. अकॅडमी नको, हे आता ठरलं. तिथे पोचल्यावर एक मॉक देईन. सदाफुली, तू माझी परीक्षा देणारी जोडीदार होशील का? माझी ओपीडी दोनला संपते.

सदाफुली

हो हो! माझी नाइट असेल ते दिवस सोडून. नंबर देते, लिहून घे :

संपादक

सदाफुली, फोन नंबर धाग्यावर देऊ नका, काढला आहे. व्यक्तिगत निरोप पाठवा. नेक्स्ट आणि परदेशी नोकरीवरच्या चर्चेसाठी वेगळे धागे काढावेत.